दादाचा लॅपटॉप

“दुसऱ्या कुणाकडे देऊ नका, भाऊजी. तुम्हीच करा,” वहिनीने लॅपटॉप त्याच्या टेबलावर ठेवला. “आणि आधी आत काय काय आहे ते जरा नीट बघून घ्या.”

घरीदारी हिचे हुकूमच, असं मनात म्हणत त्याने लॅपटॉप उघडला.

कंपनीने नवं फर्मान काढलं होतं. ज्याने त्याने स्वतःचा लॅपटॉप आणायचा आणि कंपनीच्या डोमेनला, म्हणजे तिच्या ताब्यातल्या नेटवर्कला, जोडून घ्यायचा. म्हणजे यंत्र तुमचं, सत्ता कंपनीची. जोडायचं काम त्याच्याकडे होतं. वहिनी नुकतीच खरेदी विभागात दादाच्या जागेवर लागली होती. लॅपटॉपही दादाचाच होता.

दादा कित्येक वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता. लग्न ठरलं तेव्हा हा वहिनीबद्दल नको ते बोलून बसला आणि दादाने तोंड फिरवलं. दोघे भाऊ एकाच इमारतीत कामाला. लिफ्टमध्ये गाठ पडली की एक मोबाइलमध्ये डोकं घालणार, दुसरा छताकडे बघणार. दादा हॉस्पिटलात होता तेव्हा मात्र हा मान खाली घालून गेला. वहिनी दारातच म्हणाली, “आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. उद्या या.” दुसऱ्या दिवशी दादा नव्हता.

दादा आपल्याला माफ न करताच गेला, हे त्याला आतून पोखरत होतं. आणि त्याचा सगळा राग त्या दारात उभ्या राहिलेल्या बाईवर होता.

स्क्रीनवर दादा-वहिनीचा फोटो आला. त्याने सेटिंगची विंडो ओढून फोटो पुरता झाकून टाकला, डोमेनचं नाव भरलं, पासवर्ड दिला आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. वहिनीचं नवं खातं उघडलं. नव्या खात्याची स्क्रीन नेहमीच कोरी असते. जुन्या खात्यातलं सगळं जागच्या जागी असतं, दोन क्लिकमध्ये परत दिसतं.

दुपारी वहिनी आली. कोरी स्क्रीन बघून तिचा चेहरा उतरला.

“यांचं सगळं कुठे गेलं?”

रोज कुणी ना कुणी घाबरून हेच विचारायचं आणि रोज तो हसून सांगायचा, अहो, आहे सगळं. आज तो म्हणाला, “जोडताना पुसलं जातं कधी कधी.”

“सगळं?”

“सगळं. दुसरीकडे कॉपी असेल ना?”

“नाही हो.” ती मटकन खुर्चीत बसली. मग म्हणाली, “पण तुम्ही आधी बघितलं होतं ना? मी सांगितलं होतं तसं?”

आता ही आपली चूक काढणार. “बघितलं. अगदी नीट बघितलं,” त्याने ठोकून दिलं.

तिने डोळे पुसले, मान हलवली आणि लॅपटॉप उचलून निघून गेली.

त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. रडू दे एक दिवस. दारातून परत फिरवल्यावर कसं वाटतं ते कळू दे. उद्या जाऊन सगळं परत दाखवू, वर उपकारही चढवू. त्या दिवशी तो चवीने जेवला.

सकाळी तो खरेदी विभागात गेला. “द्या इकडे, वहिनी. एक गंमत दाखवतो.”

जुनं खातं कुठेच नव्हतं. त्याने पुन्हा शोधलं.

“काल लॅपटॉप फार अडकत होता,” वहिनी म्हणाली. “तुमच्या विभागातल्या त्या चष्मेवाल्याने विचारलं, आत ठेवण्यासारखं काही आहे का? म्हटलं, काही उरलेलं नाही. त्याने मुळापासून पुसून सगळं नव्याने भरून दिलं.”

तो एकामागून एक रिकामे फोल्डर उघडत राहिला.

“एवढं मनाला लावून घेऊ नका. फोटो गेले, जाऊ देत. तुमच्या नावाचा तो व्हिडिओ तुम्ही बघितलात, मला तेवढं पुरे.” तिने खुर्ची जवळ ओढली. “त्या दिवशी हॉस्पिटलात यांनी मला खोलीबाहेर काढलं आणि लॅपटॉपसमोर धापा टाकत कितीतरी वेळ बोलत होते. तुम्ही आलात तेव्हा थकून नुकतेच झोपले होते. मला म्हणाले, तो तुझ्या हातून घ्यायचा नाही, त्याचं त्यालाच सापडू दे. मी एक शब्द ऐकला नाही, भाऊजी. काय म्हणाले हो ते तुम्हाला?”