वेणी

अपंगांच्या सोबतीला बायका पुरवणाऱ्या ॲपवर नोंदणी एकट्या शांतीची होती. तिची जाऊ पिंकी हिच्या आधारवर अजून माहेरचंच नाव, म्हणून ॲपने तिला घेतलं नव्हतं. पण दोघींचीही पोरं तान्ही. मग एकीने घरी पोरं सांभाळायची आणि दुसरीने कोलाडहून रोह्याला बिल्किसचाचीकडे जायचं, शांती म्हणूनच. चाचीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, त्यामुळे तीन महिने निभावून गेलं.

आज पिंकी चाचीची वेणी घालत असताना कुवेतहून मुलाचा, हमझाचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"अम्मी, शेजारी सांगतात, कधी एक बाई येते, कधी दुसरीच. आता आलीय ती शांतीच हाय ना? नसेल तर आत्ताच तक्रार टाकतो."

पिंकीचा हात केसांतच थांबला. चाचीने मागे हात नेऊन तिचं मनगट चाचपलं आणि धरून ठेवलं.

"शांतीच हाय. मी हात ओळखते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पिंकी पुन्हा वेणी घालू लागली.

 

"उद्या शांती येईल, तिला सांग गो, वेणी तुझ्यासारखी सैल घालायला. ती फार आवळते."