नऊ दिवसांचा उशीर

"नऊच दिवस, मिस्टर टॉलिव्हर! या नऊ दिवसांचं काय कारण सांगू कोर्टाला?"

लूशस टॉलिव्हर मान खाली घालून बसला होता. वय अठ्ठावन्न. एका खुनासाठी लुइझियानाच्या तुरुंगात बावीस वर्षं काढलेली. खून आपण केलेला नाही, आपली कैद बेकायदा आहे, असा अर्ज त्याने केंद्रीय कोर्टात केला होता. राज्याच्या कोर्टातलं शेवटचं अपील संपल्यापासून मुदत वर्षाची होती. अर्ज नऊ दिवस उशिरा टपालात पडला, आणि कोर्टाने आतलं एक अक्षरही न वाचता तो फेटाळला. आता त्यावर अपील होतं. त्यासाठी कोर्टाने नेमून दिलेली तरुण वकील, ओडील ब्रूसार, समोर बसली होती.

"आजारी होतात?"

"नाही."

"लायब्ररी बंद होती?"

"उघडी होती, मिस ओडील. मीच गेलो नाही. कामात होतो."

"तुरुंगात?" तिला हसू आलं. "बावीस वर्षांत नेमकं तेव्हाच एवढं काय काम निघालं?"

"दवाखान्यात, एकापाशी बसायचो," एवढंच तो म्हणाला. मग तिने तुरुंगाच्या दवाखान्याची नोंदवही मागवली. तिथे शेवटच्या घटका मोजणाऱ्या कैद्यांपाशी इतर कैदी पाळीपाळीने बसतात. वेंडल क्राउज नावाच्या म्हाताऱ्याच्या पानावर मात्र सव्वीस दिवस एकच सही होती. टॉलिव्हर, टॉलिव्हर, टॉलिव्हर. क्राउजला पुरलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी अर्ज गेला होता.

हे नाव ओडीलने आधी कुठेतरी वाचलं होतं. तिने खटल्याचे जुने कागद काढले. वाचता वाचता ती उठून उभी राहिली.

अपिलाला तीन न्यायाधीश होते. मधल्या बाईंनी विचारलं, "दुसरं कुणी बसू शकलं नसतं का?"

"बसलं असतं. पण त्या रोग्याला हेच हवे होते."

"नातेवाईक?"

"नाही. टॉलिव्हरना गोळी झाडताना मी पाहिलं, अशी साक्ष देणारा एकमेव माणूस. पुढे स्वतःच्या गुन्ह्यात तोही आत आला."

बाईंनी चष्मा काढून ठेवला.

निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. कैद्याने केलं ते थोर आहे, पण मुदत चुकायला ते कारण पुरत नाही. अपील फेटाळलं. बाई एकट्या विरोधात होत्या.

हे सांगायला ओडील स्वतः तुरुंगात गेली. लूशसने शांतपणे ऐकून घेतलं. "तू पुष्कळ केलंस, पोरी," तो म्हणाला.

"मागे टाळलंत, आता तरी सांगा. क्राउज त्या साक्षीबद्दल काही बोलला होता?"

"चौथ्या दिवशी. खोटी होती म्हणाला. रडला फार."

ओडीलने फाइल टेबलावर आपटली. "मग लिहून का नाही घेतलंत? नर्स होती, कागद होता! त्या एका सहीवर अर्जाला दार उघडलं असतं, कितीही उशीर झालेला असो!"

"मी आत शिरलो की तो रोज आधी माझे हात बघायचा," लूशस म्हणाला. "कागद आणलाय का म्हणून. रिकामे दिसले की मग डोळे मिटायचा. कागद नेला असता ना, तर मी उशाशी असूनही तो एकटाच मेला असता."