दोन चोपदार

हैदराबाद संस्थान खालसा झालं, जहागिरी गेल्या, नोकर पांगले. नवाब शहामत जंगांच्या हवेलीचा रिवाज तेवढा राहिला. चोपदाराने वर्दी दिल्याशिवाय नवाब कुणाला भेटत नसत. चोपदारही पळालेला, म्हणून त्याचा लाल अंगरखा चढवून नवाब स्वतःच दाराशी उभे राहत. ज्याची वर्दी द्यावी असं कुणी येतच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

एके सकाळी शेजारच्या हवेलीचा चोपदार आला. अंगरखा नोकराचा, मिशा मात्र थेट नवाब रिफाकत जंगांच्या! आधी कोणी कोणाकडे जायचं, यावरून दोन्ही नवाबांत वीस वर्षांचा अबोला. शहामत जंगांनी ओळख दाखवली नाही.

"आमचे हुजूर विचारतात, तुमचे नवाब कधी येताहेत?"

"आधी तुमचे येऊ देत."

"आमचा म्हातारा मरेल, पण यायचा नाही."

"आमचा काय कमी गाढव आहे?"

दोघांना हसू आवरेना. मग पायरीवर बसून, बशीतून चहा ओढत, त्यांनी आपापल्या धन्याला दुपारपर्यंत मनसोक्त शिव्या घातल्या.

निघताना पाहुण्याने हळूच विचारलं, "उद्या येऊ?"

"ये की रे," शहामत जंग म्हणाले, "फक्त तुझ्या नवाबाला आणू नकोस. आमच्याला खपायचं नाही."