मोडीचा भाव

"उद्या ही मोडायला आणली, तर किती येतील?" सराफ कट्ट्यावरच्या तिसऱ्या दुकानातही काकूंनी तोच प्रश्न विचारला आणि केतकीचं डोकंच उठलं.

साखरपुडा आठवड्यावर आला होता. हिरा परवडत नव्हता, म्हणून तिने मॉइसनाइटच्या खड्याची अंगठी निवडली होती. चमक हिऱ्याची, किंमत दहावा हिस्सा. निनादलाही आवडली होती. पण काकूंचं, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंचं, पालुपद काही संपेना.

"खड्याची मोड शून्य," सराफ म्हणाला. "सोन्याचे येतील तेवढेच."

"मग काय उपयोग? नुसत्या सोन्याचीच घेऊ."

"अहो काकू, अजून बोटात गेली नाही आणि तुम्ही मोडायला निघालात!" केतकीच्या तोंडून निघूनच गेलं. निनादने मान खाली घातली.

काकू चिडल्या नाहीत. त्यांनी आपला मोकळा हात काउंटरवर ठेवला. "माझी खऱ्या हिऱ्याची होती. ह्यांना दुकान टाकायचं होतं, त्यात गेली. मग दुकानही गेलं. बाईमाणसाजवळ अडीनडीला काहीतरी असावं, म्हणून विचारते गं."

"पण काकू, ती तुमच्या अडीनडीला कुठे आली?"

काकूंनी ती अंगठी हातात घेतली. मग त्यांनी ती सराफापुढे सरकवली.

"हीच द्या. आणि पावतीवर 'मोड शून्य' असं ठळक लिहा," निनादकडे बघत त्या म्हणाल्या, "घरात सगळ्यांना वाचता आलं पाहिजे."