पुलावरची धाप

विमान पुन्हा पुलावर फुटलं. सकाळपासूनचं अकरावं.

सासऱ्याने बटणांवरून हात उचलले आणि मशीनच्या लाकडी कुशीत एक लाथ घातली. "जावईबापू, ह्यात काहीतरी घोळ आहे."

जावई मागे स्टुलावर बसला होता. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. चूक मशीनची नसते, माणसाची असते, हे दिवसातून दहा गिऱ्हाइकांना तोंडावर ऐकवणारा. सासऱ्याला ऐकवायची सोय नव्हती, म्हणून मनातच म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं.

सासऱ्याच्या गेमच्या दुकानातलं हे सगळ्यात जुनं मशीन. गेल्या आठवड्यात आतला बोर्ड जळला. त्याच्यासोबत पडद्यावर पहिल्या नंबरला बसलेला सासऱ्याचा बावीस वर्षांचा गुणांचा आकडाही जळला. जावयाने त्याच खोक्यात छोटा कॉम्प्युटर बसवला आणि जुन्या बोर्डाची नक्कल करणारा प्रोग्राम घातला. गेम तोच, विमान तेच, पूलही तोच. पण शेजारच्या टायपिंग मास्तरांना तेवढं निमित्त पुरलं. वीस वर्षं स्वतः ह्याच पुलावर मरत आलेला माणूस चारचौघांत म्हणाला, "पूल कुणालाच ओलांडता येत नाही. खोटा आकडा होता, जळला ते बरं झालं."

"चारला या," सासरा म्हणाला होता. "डोळ्यांनी बघा."

साडेतीन वाजून गेले होते.

काउंटरवरून बायको उठून आली आणि जावयाच्या कानाशी लागली. "बाबा आज मास्तरांसमोर मेले तर महिनाभर घरात कुणाशी बोलणार नाहीत."

"मी काय करू? बोटं म्हातारी झालीत त्यांची."

"मग मशीन म्हातारं कर."

जावई मशीनच्या मागे गेला, फळी सरकवली, सेटिंग उघडलं. प्रोसेसरचा वेग, दीडशे टक्के. पहिल्याच दिवशी त्याने स्वतःच्या हाताने चढवला होता. कुणी सांगितलं नव्हतं. शंभरवर असलेली गोष्ट शंभरवर राहू देणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. अशा लोकांच्या हाती पंखा दिला तरी ते त्याला चौथं पातं लावतील. आता त्याने आकडा खाली ओढला. सत्तर.

"बाबा, आता खेळा. एक वायर सैल होती."

सासऱ्याने खेळायला घेतलं. संगीत आपल्या चालीने पुढे निघालं आणि विमानं त्याच्यामागून चिखल तुडवत आल्यासारखी येऊ लागली. गोळी सुटायची, लागायला अर्धा चहा पिऊन व्हायचा. सासरा अर्धं मिनिट खेळला. मग हात खाली सोडले.

"मी म्हातारा झालोय, बहिरा नाही. गाणं पुढे आणि गेम मागे. काय केलंत?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"वेग कमी केला थोडा. सत्तर."

"आणि आधी किती होता?"

"दीडशे." हे सांगताना त्याची छाती जरा फुगलीच. "जुना बोर्ड पुलावर अडखळायचा ना, बाबा. एकदम बारा विमानं आली की प्रोसेसरला झेपायचं नाही, सगळं मंदावायचं. तो दोष मी काढून टाकला. आता लोण्यासारखं चालतं."

"दोष," सासरा म्हणाला. लाथ घातलेल्या जागेवरून त्याने हात फिरवला. मग शांतपणे म्हणाला, "तिथे त्याला धाप लागायची. बावीस वर्षं त्याच्यासोबत मी पण दम खायचो. तुम्ही धापच काढून घेतलीत. धाप लागत नाही ती फक्त मेलेल्याला, जावईबापू."

"मग किती ठेवू?"

"ज्याने बनवलं, त्याने किती ठेवलं होतं?"

"शंभर."

"मग तुम्हाला मध्ये कुणी विचारलं होतं?"

जावयाने निमूटपणे शंभर केलं. आयुष्यात पहिल्यांदा.

चारला दोन मिनिटं कमी असताना टायपिंग मास्तर आत आले. वेळेआधी येणं ही त्यांची जुनी खोड. सासऱ्याने वळूनही पाहिलं नाही. त्याचं विमान चौथ्या टप्प्यात शिरलं होतं. मास्तर त्याच्या पाठीशी उभे राहिले. "चालू द्या, चालू द्या," ते म्हणाले. "पूल येतोच आहे."

पूल आला. एक विमान, चार, आठ. बारावं आलं आणि पडदा मंदावला. गोळ्या मुंग्यांच्या रांगेसारख्या सरकू लागल्या. जावयाचा हात सवयीने सेटिंगकडे गेला. बायकोने तो मनगटाशी धरून ठेवला.

सासऱ्याने डावा हात विमान वळवायच्या दांड्यावर तसाच राहू दिला. उजव्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, उजेडात धरून पाहिला, परत नाकावर चढवला. अजिबात घाई नव्हती.

आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या पाठीमागून आवाज आला. कट, कट, कट, कट. एकामागून एक दहा.

मास्तर बोटं मोडत होते. त्यांना स्वतःलाही ते कळलं नव्हतं.

मग मशीनची धाप ओसरली, गोळ्या सुटल्या, आणि विमान पुलावरून पलीकडे गेलं. सासऱ्याची नजर पडद्यावरच होती.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्या जागी तुम्ही अजून दांडा सोडून बोटं मोडता होय?"

मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.