दुपारचा व्हिडिओ

"नेट लई रडतंय रं, वाल्मिक," गाडेसाहेब सर्व्हर रूमच्या दारात उभे राहून म्हणाले. "दुधाच्या पावत्या निघंनात आन् पोरं कॉम्प्युटरवर मॅच बघत्यात. तुझ्या त्या फायरवॉलला सांग, जरा लक्ष ठिव म्हणावं."

वाल्मिकने मान डोलावली. नगरच्या त्या दूध संघात नेटचं सगळं तोच बघायचा. फायरवॉल म्हणजे नेटच्या फाटकावरचा राखणदार, आणि हा राखणदार आजवर व्हिडिओ न तपासताच आत सोडत होता. वाल्मिकने नियम बदलला. आता प्रत्येक व्हिडिओला कुठून आलास, कोणाकडे चाललास, हे सांगावं लागणार होतं.

मॅचवाले लगेच सापडले. भजनं ऐकणारे सापडले. आणि भारती सापडली.

भारती वाल्मिकची बायको. सर्व्हर रूमच्या काचेपलीकडे, हिशेब विभागात बसायची. तिच्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत एक व्हिडिओ चालू व्हायचा आणि सुट्टी संपली की बंद. कुठल्या ओळखीच्या साइटवरून नाही, नुसत्या आकडी पत्त्यावरून. थेट, समोरासमोर बोलावं तसा.

तोही एक दिवसाआड. ज्या दिवशी वाल्मिक ऑफिसात नसायचा, नेमका त्याच दिवशी.

भिंगारला त्यांच्या गल्लीत एक दिवसाआड दुपारी पाणी यायचं. त्या दिवशी वाल्मिक गाडी काढून घरी जायचा, टाकी भरायचा, अंघोळ उरकून ओल्या केसांचा भांग पाडून परत यायचा. "नशीब काढलंस गं," ऑफिसातल्या बायका भारतीला म्हणत. तिने एकदा सुचवलंही होतं, शेजारच्या सुरेखाकडे किल्ली देऊन ठेवू, ती भरेल. वाल्मिक तयार झाला नाही. "लोकांच्या बाईला कशाला त्रास?"

आणि आपण इकडे बादल्या भरतोय तेव्हा ही कोणाशी बोलते?

उत्तर त्याला माहीत होतं. करण. हा पोरगा गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर कॅमेरे बसवत फिरायचा. दिवाळीनंतर दोनदा भारतीच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला होता, मान खाली घालून काहीतरी दाखवत होता. वाल्मिक जवळ गेला तसे दोघे गप्प झाले. काष्टीच्या बाजारातून भेळ आणली ती पण तिच्यासाठी. सध्या तो काष्टीलाच होता.

वाल्मिकचा नुसता जळफळाट होत होता. अकरा वर्षांचा संसार आणि ही बया व्हिडिओवर गुलूगुलू करते! एकदा नजरेने बघायचं आणि मग दोघांनाही सगळ्यांसमोर उभं करायचं, असं त्याने ठरवलं.

पाण्याचा दिवस आला.

"निघतो गं," तो भारतीच्या टेबलाशी थांबून म्हणाला.

"डबा?"

"घरीच खातो."

"बरं. सावकाश जा," भारती म्हणाली. वर बघितलंही नाही तिने.

बघ, घाई झालीय हिला, वाल्मिकच्या मनात आलं. तो जिना उतरला, गाडीला किक मारली, गेटबाहेर गेला. गाडी टपरीमागे लावून मागच्या जिन्याने वर आला आणि सर्व्हर रूममध्ये शिरला. त्या संतापात त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. कोणाला काही कळवायचंही राहिलं.

काचेपलीकडे भारती पाठमोरी बसली होती. सगळे जेवायला गेले होते. तिने डबा उघडला नाही. तिचा व्हिडिओ सुरू झाला.

फायरवॉलने तो लगेच पकडला. स्वस्तातलं काम दिसत होतं, व्हिडिओला कुलूपसुद्धा नव्हतं. पत्ता आणि पासवर्ड उघडेच. वाल्मिकने ते उचलून आपल्या स्क्रीनवर टाकले. आता करणचं तोंड दिसणार होतं.

चित्र उमटलं. एक रिकामी खोली. निळ्या चादरीचा पलंग, भिंतीवर खंडोबाची तसबीर, कोपऱ्यात शिलाई मशीन.

ती निळी चादर त्यानेच परवा अंथरली होती.

दार उघडलं. आपल्याजवळच्या किल्लीने कुलूप काढून सुरेखा आत आली. तिने दार लोटून घेतलं, केसातला गजरा नीट केला आणि सवयीने पलंगावर बसली. थोडा वेळ वाट पाहिली. मग मोबाईल कानाला लावला.

सर्व्हर रूममध्ये, वाल्मिकच्या खिशातला फोन वाजला.

काचेपलीकडे भारतीने स्क्रीनवरची नजर काढली आणि हळूच मागे वळून पाहिलं.