गाऱ्हाण्यातला र

"बंद कर ती तक्रार," हर्षद म्हणाला. "कारणात लिही, चूक नाही."

"चूक आहे, सर," अक्षता म्हणाली आणि माउसवरचा हात काढून तिने मांडीवर ठेवला.

मालाडच्या त्या ऑफिसात हर्षदला असं कोणी बोलत नसे. त्यातून अक्षता अजून प्रोबेशनवर. तिला ठेवायचं की घरी पाठवायचं, हे पुढच्या आठवड्यात हर्षदच ठरवणार होता. पण तक्रार खरी होती, त्याला ती तरी काय करणार? कंपनीच्या एडिटरमध्ये फाइल उघडली की आतलं सगळं वाचून शीर्षक, तारीख, मजकूर आपापल्या जागी लावणारा एक कोड होता. त्याला ही मंडळी पार्सर म्हणत. मुलुंडच्या जानकी परब नावाच्या बाईंनी आपल्या कोकणातल्या गावची देवळातली गाऱ्हाणी त्या एडिटरमध्ये टाइप केली, सेव्ह केली, पुन्हा उघडली, तर प्रत्येक 'गाऱ्हाणं'चं 'गार्हाणं' झालेलं. पापणीएवढी ती आडवी रेघ गायब आणि ह च्या डोक्यावर रफार. बाईंनी तक्रारीत एवढंच विचारलं होतं, 'आता मी देवाला घालू काय? गार्हाणं?'

चूक कुठे आहे, तेही अक्षताने शोधून काढलं होतं. टाइप करताना र आणि ह यांच्यामध्ये एक न दिसणारी खूण बसते. इथे रफार नको, रेघ हवी, एवढंच ती सांगते. आणि पार्सरमध्ये कोणीतरी एक ओळ लिहून ठेवली होती, की जे दिसत नाही तो कचरा, काढून टाक. ती ओळ हर्षदची होती.

"एक बाई आणि एक शब्द," हर्षद म्हणाला. "आज संध्याकाळी नवी आवृत्ती बाहेर जातेय. आता पार्सरला हात लावला आणि भलतंच काही फुटलं तर? वाचणाऱ्याला कळतं ना गं, र कुठेही असला तरी!"

त्याची ही भीती अगदीच चुकीची नव्हती. ऐनवेळी कोडमध्ये हात घालून भल्याभल्यांची वाट लागलेली आहे.

"मी कचऱ्यातून फक्त ती एक खूण वगळलीये. देवेशने सगळं तपासलंय. तुमची मंजुरी तेवढी बाकी आहे."

"झकास चालतंय, सर," शेजारचा देवेश स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. तपासणी त्याचं काम.

"पुढच्या आवृत्तीत बघू."

"तोवर जो कोणी फाइल सेव्ह करेल, त्याची रेघ कायमची गेली. कोणी डोंगरातल्या दऱ्या लिहिल्या तर त्याचा दर्या होतोय, सर! माणसं बुडवतोय आपण."

समोर बसलेली नागपूरची मानसी फसकन हसली. हर्षद हसला नाही.

"हे बघ, अक्षता. गाऱ्हाणं-बिऱ्हाणं असल्या शब्दांवर कंपनी चालत नाही. बंद कर आणि विषय संपव."

हर्षद मूळचा कणकवलीकडचा. ऑफिसात मात्र तो इतकं घासूनपुसून बोलायचा, की कोणाला गावाचा वासही येऊ नये. त्याच्या तोंडून हे 'गाऱ्हाणं-बिऱ्हाणं' ऐकलं आणि अक्षताच्या डोक्यात तिडीक गेली. नोकरी गेली खड्ड्यात, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

ती उठली. पायातल्या चपला काढून तिने टेबलाखाली सारल्या. हात जोडले आणि चारकोपच्या घरात दर गणपतीला तिचे बाबा गुणाजी लावतात, तसा गाऱ्हाण्याचा सूर लावला.

"बा देवा म्हाराजा!"

सगळ्या मजल्यावरच्या माना तिच्याकडे वळल्या.

"आज ह्या मालाडात, सातव्या माळ्यार, तुजी लेकरां गाऱ्हाणां घालतत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवेश म्हणाला. कीबोर्डवरचे हात कधी जुळले, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"ह्या यंत्रान आमच्या गाऱ्हाण्याची रेघ खाल्ल्यान. ती तेच्या पोटातसून भायर काड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता काचेपलीकडच्या अकाउंट्समधूनही एक आवाज आला. तिथे सावंतवाडीचं कोणी बसतं, हे आजवर कोणाच्या गावीही नव्हतं.

"आणि जेना ती कचरो समजान टाकल्यान, तेका बरी बुद्धी दी, आणि आजच्या आज, तेच्याच हातान ती जाग्यार बसवून घे, रे म्हाराजा!"

कोकणातल्या माणसाला एक वेळ शिंक आवरेल, पण हे आवरत नाही. कळायला लागल्यापासून 'रे म्हाराजा' कानावर पडलं की पुढचं जिभेवर तयारच असतं.

"व्हय म्हाराजा!"

आवाज खणखणीत होता, पार बेंबीच्या देठापासून आलेला. हर्षदचा.

त्याने आपल्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. कान लाल झाले होते. हात कुठे ठेवावेत, हे त्याला सुचेना.

"आता नेमकं काय झालं, मला सांगेल का कोणी?" मानसीने विचारलं.

अक्षताने चपला पायात घातल्या, खुर्चीत बसली आणि आपला स्क्रीन हर्षदकडे वळवला.

"मंजुरी झाली," ती म्हणाली.